मधलं बटण नसलेला ॲम्प

ताईंकडे दुरुस्तीला येणारे गिटारवाले बहुतेक एकच चूक करून आलेले असतात. मित्राच्या ॲम्पवरचे, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीवरचे, आकडे कागदावर उतरवून घ्यायचे, घरी जाऊन आपल्या ॲम्पची बटणं त्याच आकड्यांवर नेऊन ठेवायची, आवाज तसा आला नाही की ॲम्प बिघडला असं ठरवायचं, आणि मग तो पोटाशी धरून धापा टाकत ताईंच्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढायच्या.

ताई कागद घेतात. चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, वाचतात आणि कागद परत देत विचारतात, "शेजाऱ्याच्या चष्म्याचा नंबर लावून पेपर वाचता का हो तुम्ही?"

पलीकडच्या गाळ्यातून किल्लीवाले काका हसतात. हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलंय, तरी हसतात. दोन गाळ्यांमध्ये एक प्लायवूडची भिंत आहे, तीही डोक्याच्या उंचीपर्यंतच. त्यामुळे ताईंचं गिऱ्हाईक काकांचंही असतं, आणि काकांच्या मशीनचा किरकिराट ताईंच्या डोक्यात असतो.

मग ताई शिकवायला बसतात. टेबलावर दोन ॲम्प कायम उघडे पडलेले असतात, पोट वर करून. एक जुन्या घराण्याचा. त्यातले बास, मिडल आणि ट्रेबल म्हणजे एका घरात नांदणाऱ्या तीन जावा, असं ताईंचं म्हणणं. एकीला चिमटा काढला की दुसरी रुसते आणि तिसरी भांडी आपटते. बासचं बटण फिरवलं की मिडलही हलतो, आपण हात लावलेला नसला तरी. तिन्ही पाचावर ठेवले म्हणजे सगळं समान झालं असं वाटतं, पण तिथे मधला आवाज आधीच खड्ड्यात गेलेला असतो. दुसरा ॲम्प नव्या घराण्याचा. तिथे तिघींच्या चुली वेगळ्या. बटण मधोमध ठेवलं तर खरंच मधोमध, ना कमी ना जास्त. डावीकडे फिरवलं की घटतं, उजवीकडे फिरवलं की वाढतं, आणि एकीचं दुसरीला कळतही नाही.

"आणि जुन्यात वाढवणं नसतंच," ताई शेवटी सांगतात. "ट्रेबल दहावर नेलं म्हणजे वाढवलं नाही, कापायचं थांबवलं."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या वडिलांचं. दुकानही त्यांचंच, तेव्हा रेडिओचं. ताईंची आई गेली तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या आणि धाकटा भाऊ पाच वर्षांचा. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यावर, म्हणजे आपल्या सोळाव्या वर्षी, ताईंनी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. ते अजून खाली ठेवलेलं नाही. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे वडिलांना दिसेनात, तेव्हा ताई रंग म्हणून दाखवायच्या आणि वडील आकडा सांगायचे. निळा, करडा, लाल. सहा हजार आठशे. लाल, लाल, केशरी. बावीस हजार. धाकटा शेजारी पाटीवर घोडे काढत बसायचा आणि मध्येच ओरडून चुकीचा रंग सांगायचा. वडील एकदा त्याच्यामुळे फसले आणि एका गिऱ्हाइकाचा रेडिओ धुराने भरला. मार मात्र ताईंना बसला, कारण मोठी कोण?

ताईंचं लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा राहिलं. पहिल्यांदा धाकट्याची दहावी होती, दुसऱ्यांदा वडिलांचं ऑपरेशन. तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. ह्याबद्दल त्या बोलत नाहीत. एकदा काकांनी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, की त्यांना संसार करायचा होता तो झाला, मुलगा आठ वर्षांनीच लहान होता एवढंच.

ह्या मुलाला त्या बारक्या म्हणतात. बारक्या आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे, सहा फुटांच्या वर आहे आणि एकोणीस वर्षं प्रवासी बोटींवर गिटार वाजवतो. बोट बंदराला लागली की त्याचा फोन येतो. प्रत्यक्ष शेवटचा आला तो वडील गेले तेव्हा, सात वर्षांपूर्वी. दोन दिवस होता. त्यातला एक झोपण्यात गेला.

त्याचा ॲम्प मात्र इथे आहे. दुकानाच्या मागच्या फळीवर, काळ्या कापडाखाली. दोनच बटणं, बास आणि ट्रेबल. मधलं बटण नाहीच. बारक्याने निघताना ज्या जागी बटणं ठेवली होती तिथे ताईंनी आपल्या नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके दिले. ट्रेबल साडेसहाला, बास तीनला. त्यानंतर ते नेलपॉलिश नखांना कधी लागलं नाही आणि ती बटणं कधी फिरली नाहीत. वर्षातून एकदा ताई कापड काढून वरवर धूळ पुसतात आणि परत झाकतात. एका बड्या गिटारवाल्याने हा ॲम्प वाजवून बघायला मागितला होता. ताईंनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, ॲम्प दिला नाही.

ह्या वर्षी बारक्याचे फोन वाढले. पहिल्यांदा ताईंना बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो बोलायला नाही, विचारायला फोन करतोय.

झालं होतं असं, की बोटीवर नवा बँडमास्तर आला होता. एकोणीस वर्षं बारक्या घोळक्यात वाजवत होता, कंपनी देईल त्या ॲम्पवर, आणि कोणाची तक्रार नव्हती. नव्या मास्तरने ठरवलं की रोज संध्याकाळी गिटारवाल्याने पंधरा मिनिटं एकट्याने वाजवायचं. बारक्याने वाजवलं. मास्तर म्हणाला, ठीक आहे. बारक्याला तो शब्द लागला. सतरा-अठराव्या वर्षी वस्तीतल्या हॉलमध्ये तो पहिली तान घ्यायचा तेव्हा मागे गप्पा मारणारी माणसं वळून बघायची. तो आवाज त्याला हवा होता. तो कुठे गेला?

मग त्याने आपल्या खर्चाने ॲम्प घेतला आणि ताईंना आकडे विचारले. आयुष्यभर लोकांना चष्म्याच्या नंबरावरून टोमणे मारणाऱ्या ताईंनी एका दमात सांगितलं, ट्रेबल साडेसहा, बास तीन.

दुसऱ्या दिवशी फोन आला, की गोधडीत तोंड खुपसून कोणीतरी गातंय असं वाटतं. ताईंनी त्याला बटणांवरची अक्षरं एकेक करून वाचायला लावली. शेवटच्या बटणावर ट्रेबल नव्हतं, कट होतं. बारक्याने ते ट्रेबल समजून साडेसहावर नेलं होतं. त्या घराण्यात ते बटण जितकं वाढवावं तितका वरचा आवाज कापला जातो.

"उलटं आहे ते, माठ्या," ताई म्हणाल्या. "खाली आण."

"बटणाने तरी सरळ वागावं की गं."

त्या दिवशी दोघंही खूप हसले. पण आवाज काही तो नव्हता.

पुढच्या बंदरात त्याने तो ॲम्प बदलून दुसरा घेतला, ह्याला मिडलचं बटण होतं. ताईंनी समजावलं, की आपल्या ॲम्पला ते बटण नाही म्हणजे मधला आवाज नाही असं नव्हे. आत एक रेझिस्टन्स बसवून तो कायमचा एका जागी धरलेला असतो, साधारण सहा-सातच्या आसपास. तिथे ठेव. त्याने ठेवलं. मग आठ. मग दहा. दहाच्या पुढे बटण जात नाही. अजून थोडं हवं, अजून थोडंच, असं तो म्हणत राहिला. ताईंनी फोनवर ऐकायचा प्रयत्न केला. पण फोन म्हणजे काय, त्यात खालचा आवाज येत नाही आणि वरचाही येत नाही. बारक्या तिकडे जीव तोडून वाजवत होता आणि ताईंच्या कानात पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखं वाजत होतं.

शेवटी त्याला कुठल्याशा बंदरात अगदी आपल्यासारखाच ॲम्प मिळाला. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच साल. त्याने फोटो पाठवला. ताईंनी काकांना दाखवला, काका म्हणाले जुळा भाऊ आहे. दोनच बटणं. साडेसहा आणि तीन.

दोन दिवस फोन आला नाही. आला तेव्हा बारक्या फार शांत बोलत होता. ह्यातही तो आवाज नाही, म्हणाला. जवळ जातो आणि बसतो खाली.

"मग ॲम्पचा दोष नाही ना, ताई. हात गेला माझा."

ताईंनी त्याला झापलं, तारा बदल म्हणाल्या, खोलीत गालिचा आहे का विचारलं. तो सगळ्याला हो म्हणत होता. मग म्हणाला, की त्याने विचार केलाय. महिनाअखेर करार संपतोय, तो पुढे वाढवणार नाही. गिटारच्या मागे लागलेल्या एका पोराला ती देऊन टाकेन. घरी येतो.

"किती दिवस?" ताईंनी विचारलं.

"दिवस कसले? येतो म्हणजे येतो. तुझ्या शेजारी बसेन. काकांकडे किल्ल्या कापायला शिकेन."

फोन ठेवून ताई उठल्या आणि काकांना म्हणाल्या, की जरा दुकानाकडे बघा, मी वर जाऊन येते. दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या. मागच्या खोलीतल्या पलंगावर वीस वर्षांची खोकी होती, मेलेल्या स्पीकरांची, सुट्या बटणांची. ती त्यांनी एकटीने जिन्यावरून खाली आणली. गादीला ऊन दिलं. पलंग लांबीला पुरेल का म्हणून स्वतः आडव्या होऊन पाहिलं आणि मग स्वतःलाच हसल्या, कारण त्या पाच फूट होत्या.

काकांनी असं काही ताईंचं कधी पाहिलं नव्हतं. त्या काम करताना गुणगुणत होत्या. एका गिऱ्हाइकाने कागद पुढे केला तर चष्म्याचं वाक्य म्हणायला विसरल्या, सरळ बटणं लावून दिली. काका म्हणाले, "अगं ताई, येतोय तो बारक्या आहे की नवरदेव?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा ॲम्प खाली काढला. आल्या आल्या त्याने लावला आणि आतून धुराचा वास आला तर काय घ्या? उलटा करून त्यांनी मागची पाटी खोलली. आत धूळ होती, एका कोळ्याचं जुनं जाळं होतं. ब्रशने झाडता झाडता बटणांच्या मागच्या पट्टीवर त्यांचा हात थांबला.

लाल, लाल, केशरी.

त्या जागी निळा, करडा, लाल असायला हवा. कंपनीच्या सर्किटचा नकाशा ताईंना तोंडपाठ होता. त्यांनी दिवा खाली ओढला, अंगठ्याने रेझिस्टन्स पुसला. लाल, लाल, केशरी. बावीस हजार. आणि दोन्ही टोकांना जाड, गोळेदार, घाईत मारलेलं सोल्डर. हे काम कोणाचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांच्याच पंचविशीतल्या हाताचं होतं.

बारक्या सतरा वर्षांचा होता. त्याचा पहिला कार्यक्रम संध्याकाळी आणि दुपारी त्याने ॲम्प जिन्यावरून सोडला होता. आत एक रेझिस्टन्स पायातून मोडला. ताईंनी सगळे खण उपसले, सहा हजार आठशेचा मिळाला नाही. बाजार बंद. हाताला आला तो बावीस हजारांचा त्यांनी लावला, उद्या बदलू म्हणून. मधला आवाज खड्ड्यातून वर येईल, जरा जास्तच येईल, पण बंद तर पडणार नाही, एवढाच हिशेब होता. त्या संध्याकाळी बारक्याने पहिली तान घेतली आणि हॉलमधली माणसं वळली. घरी येऊन त्याने ताईंना उचलून गोल फिरवलं. आज हात मोकळा झाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी रेझिस्टन्स बदलायचं राहिलं. नंतर वडिलांचं ऑपरेशन आलं, आणि ताई ते साफ विसरल्या.

जगातल्या कुठल्याही दुकानातून आणलेल्या ॲम्पमध्ये तो आवाज निघणार नव्हता. मिडलचं बटण ज्याला असतं त्याचीही धाव दहा हजारांवर संपते. बारक्या तीन बंदरांत जे शोधत होता ते इथे होतं, शेंगदाण्याएवढं, ताईंच्या घाईचं.

ताईंनी पाटी परत लावली. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

त्यांनी स्वतःला सांगितलं, की आल्यावर सांगू. समोर बसवून, उघडून दाखवू, हसू दोघं. आत्ता फोनवर कशाला? एकदा आला, इथे रुळला, की मग गिटार घेऊन देऊ दुसरी. वाजवेल की इथेच. हे सगळं खरंही होतं. त्या दोन दिवस असं म्हणत राहिल्या, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी मागच्या खोलीला नवा पडदा शिवला. गुणगुणणं मात्र बंद झालं होतं. काकांच्या ते लक्षात आलं. मशीन थांबवून त्यांनी भिंतीवरून डोकं काढलं आणि काय झालं विचारलं. ताईंनी सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

काका बराच वेळ हातातली अर्धी कापलेली किल्ली फिरवत राहिले. मग म्हणाले, "आला तर राहील का गं पण? हात गेलाय असं समजून बसलेला माणूस शेजारी बसवून घेशील तू?"

"मला माणूस हवाय, काका," ताई म्हणाल्या.

काकांनी डोकं खाली घेतलं. मशीन मात्र लगेच सुरू झालं नाही.

त्या दुपारी बारक्याचा फोन आला. आवाज पुष्कळ हलका होता. पुढचा करार नको अशा कागदावर उद्या सही करून टाकतो म्हणाला, तो गिटार मागणारा पोरगा रोज दाराशी येतोय. मग सहज म्हणाला, की गंमत बघ ताई, काल बोटांना विचारलं तर त्यांना आठवतच नाही आपण कधी बरं वाजवायचो. कदाचित कधी वाजवलंच नसेल. हॉल लहान होता, माणसं ओळखीची होती, म्हणून वळली असतील.

ताईंनी डोळे मिटून घेतले.

"बारक्या, कागद-पेन्सिल घे."

"आता कशाला आकडे?"

"घे म्हणते ना." त्याने घेतलं असावं. ताई एका सुरात सांगत गेल्या. "ॲम्पची मागची पाटी खोल. तू हात घालू नकोस, आत करंट साठून असतो, बोटीवरच्या वायरमनला दे. बासच्या बटणामागे एक रेझिस्टन्स आहे. निळा, करडा, लाल. तो काढायचा. तिथे बावीस हजारांचा लावायचा."

"लाल, लाल, केशरी," बारक्या सवयीने म्हणाला. मग त्याने विचारलं, "का?"

ताईंनी सांगितलं. जिना, बाजार बंद, उद्या बदलू. सांगताना त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला समजावतात तसा होता, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात त्यांना ते जमलं नसतं.

फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. बारक्या डेकवर असावा.

"म्हणजे तो माझा हात नव्हताच."

"हात तुझाच. एकोणीस वर्षं तो रेझिस्टन्स इथे पडून आहे, एक सूर निघाला नाही त्यातून."

बारक्या हसला की रडला हे फोनवर कळलं नाही. वरचा आणि खालचा आवाज नव्हता ना. थोड्या वेळाने त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "मग आता मी सही करू की नको?"

हा प्रश्न त्याने लहान असल्यासारखा विचारला. ताई उत्तर देऊ शकत होत्या. मागच्या खोलीचा पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत असेल हे त्यांना बसल्या जागी माहीत होतं.

"आधी रेझिस्टन्स बदल," त्या म्हणाल्या. "मग वाजव. मग तूच ठरव."

अकरा दिवसांनी रेकॉर्डिंग आलं. सोबत दोन ओळी होत्या, की मास्तर जागचा उठून पुढे आला, करार वर्षभर वाढलाय, आणि पुढच्या सुट्टीत नक्की. ताईंनी फोन टेबलावरच्या चांगल्या स्पीकरला जोडला. तीन मिनिटांचं होतं. पहिली तान आली आणि पायऱ्यांशी उभं असलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता वळलं.

ताई ऐकत होत्या. सोल्डरिंग आयर्न हातात होतं, त्याच्या टोकावर सोल्डरचा थेंब लोंबत होता. काकांनी आपलं मशीन बंद केलं होतं. वाजवणं संपलं, कोणीतरी टाळी वाजवली, आणि ते तुटलं.

काकांनी भिंतीवरून विचारलं, "मग? कधी येतोय?"

"आला होता की आत्ता," ताई म्हणाल्या. "तीन मिनिटं."

काका म्हणाले, "परत बोलव मग."

ताईंनी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.